घरी काडतुसे भरणाऱ्यांचा हिशोब कुठे बिघडला?

शनिवारी सकाळी शेजारच्या गॅरेजातून खर्रर्र असा आवाज यायला लागला की समजावे, आजोबांनी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घासायला टाकल्या. हे माझे आजोबा नव्हेत. ओहायोत आमच्या घराला लागून राहणारे, सत्तरी ओलांडलेले निवृत्त मेकॅनिक. तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारतो, इथली रीतच तशी. पण घरात बायकोशी बोलताना ते ‘आजोबा’च. त्यांच्या गॅरेजाच्या कोपऱ्यात बादलीएवढे एक थरथरणारे भांडे आहे. त्यात मक्याच्या कणसांचा भुगा आणि त्या भुग्यात लोळणाऱ्या दोन-तीनशे पितळी पुंगळ्या. दोनेक तासांनी चाळून काढल्या की चिंचेने घासलेल्या समईसारख्या लखलखतात.

मी मूळचा भुसावळचा. जवळच वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी. तिथे बंदुकीची काडतुसे बनतात आणि आत काय चालते ते बाहेरच्याने विचारायचे नसते, एवढे लहानपणापासून डोक्यात बसलेले. त्यामुळे एक म्हातारा माणूस रेडिओ लावून आपली काडतुसे आपण भरतोय हे पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मी दोन पावले मागेच सरकलो होतो. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. भरून विकायचे असेल तर लागतो. नेमबाजी करणारे, शिकारीला जाणारे, जुन्या बंदुकांचे शौकीन असे बरेच लोक हा उद्योग करतात. त्यांना इथे रीलोडर म्हणतात.

गेल्या वर्षी आजोबांनी मला दोन डब्या दाखवल्या. दोन्ही प्रायमरच्या, म्हणजे काडतुसाला ठिणगी देणाऱ्या इवल्या टोप्यांच्या, हजार-हजार नगांच्या. एकीवर पिवळी पडलेली चिठ्ठी, २९ डॉलर ९९ सेंट. दुसरीवर नवी, ७९ डॉलर ९९. ‘तू खरेदी खात्यातला माणूस आहेस,’ ते म्हणाले, ‘मला सांग, यात सोने घालायला लागलेत का?’

मी खरोखरच एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे, पण आमचा संबंध बेअरिंग आणि नटबोल्टांशी. तरी प्रश्न डोक्यात राहिला. वाचत गेलो, तेव्हा कळले की धागा चीनमधल्या शिनजियांगच्या कापसापासून युक्रेनच्या तोफांपर्यंत जातो आणि वाटेत आपल्या सरकीला आणि सुरम्यालाही हात लावून येतो.

चार वस्तू, चार बाजार

काडतुसात चारच गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली इवलीशी टोपी म्हणजे प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. बंदुकीचा घोडा दाबला की टाचणी प्रायमरवर आपटते, प्रायमर ठिणगी देतो, दारू पेटते, वायू फुगतो आणि गोळी नळीतून बाहेर पडते. दारू जळून जाते, प्रायमर वाया जातो, गोळी जाते ती जाते. मागे उरते ती पुंगळी.

आणि चौघांत सर्वांत महाग बहुधा तीच. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असे हे पितळ लवचिक असते; बार उडताना फुगते, नळीच्या भिंतीला टेकते आणि लगेच थोडे आक्रसते. तिला साच्यातून दाबून पुन्हा मापात आणायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, मोजून दारू घालायची, वर गोळी बसवायची. पिस्तुलाची पुंगळी अशी अनेकदा वापरता येते. रायफलीत दाब फार, म्हणून तिथली लवकर थकते. रीलोडिंगमधली बचत म्हणतात ती या पुंगळीच्या पुनर्वापरातून येते, बाकी तीन गोष्टी दर वेळी विकतच घ्याव्या लागतात.

सगळ्याच काडतुसांचे असे होत नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य मिळवले, ती रायफल पॉइंट टू-टू म्हणजे रिमफायर. तिच्या काडतुसाला वेगळा प्रायमर नसतो, पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेच्या घडीतच भरलेले असते. ते घरी पुन्हा भरता येत नाही.

दारूचे माप इथे ग्रेनमध्ये. हा शब्द आपल्याला परका वाटला तरी आपल्या आजीच्या सोन्याच्या हिशोबातच तो दडलेला आहे. इंग्रजांनी १८३३ साली तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनचा. आजोबांच्या नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात साधारण पाच ग्रेन दारू जाते, म्हणजे पावणेतीन गुंजांच्या आसपास. एका पौंडात ७००० ग्रेन. म्हणजे पौंडाच्या डबीत पिस्तुलाची चौदाशे काडतुसे. मोठ्या रायफलीच्या काडतुसात मात्र चाळीस-पंचेचाळीस ग्रेन जातात, तिथे तीच डबी दीडशे-पावणेदोनशेवर आटोपते. (हे आकडे फक्त हिशोबासाठी आहेत. खरे माप दारूच्या प्रत्येक प्रकाराला वेगळे असते आणि कारखान्याने छापलेल्या तक्त्यातूनच घ्यायचे असते. इथे चूक झाली तर बंदूक हातात फुटते.)

पंगतीत डबा घेऊन आलेला माणूस

मला आधी वाटले होते, कच्चा माल महागला असेल, म्हणून डबी महागली. तांबे महागले आहे, शिसे, अँटिमनी, वाहतूक सगळेच वर गेले आहे. पण त्याने एवढी उडी समजत नाही. प्रायमरमध्ये माल असतो तो किती? बाजरीच्या दाण्याएवढा.

खरा मुद्दा रांगेचा आहे. लग्नाच्या पंगतीची कल्पना करा. आधी वऱ्हाड बसते: ते म्हणजे लष्कर. मग गावकरी: पोलीस खाती आणि तयार काडतुसांचे खोके विकत घेणारे सामान्य गिऱ्हाईक. हे सगळे उठले आणि पातेल्यात काही उरले, तर मागच्या दाराशी डबा घेऊन उभा असलेला असतो त्याला मिळते. तो रीलोडर. कारखाने प्रायमर बनवतात ते मुख्यतः स्वतःच्या काडतुसांत घालायला. त्यांना सुटा प्रायमर विकण्यापेक्षा तोच प्रायमर काडतुसात घालून विकण्यात जास्त पैसे मिळतात. वऱ्हाड कमी आले तर डबा भरून जातो, जास्त आले तर तळाशी खरवड.

या छंदाचा जन्मच मुळी उरलेल्या मालातून झाला. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराकडे दारूचे डोंगर शिल्लक होते. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन नावाच्या माणसाने ती शिल्लक घाऊक घेऊन सुट्या डब्यांतून नेमबाजांना विकायला सुरुवात केली. हॉजडन आज या धंद्यातले सर्वांत मोठे नाव आहे. स्वस्ताई आली ती युद्ध संपले म्हणून. आता युद्ध चालू आहे, तर तेच गणित उलटे फिरले आहे.

टोपीत दडलेला सुरमा

अमेरिकेत प्रायमर बनवणारी मोठी नावे चार: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर, रेमिंग्टन. चारच का, तर हे काम कोणालाही जमणारे नाही. प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट नावाचे स्फोटक असते. ते कोरडे असताना नुसत्या घर्षणानेही उडते, म्हणून ओले असतानाच भोकांच्या तबकड्यांतून टोप्यांत भरतात. अनुभवी हात लागतात, जाड भिंतींची वेगळी दालने लागतात, परवाने लागतात. नवा कारखाना काढतो म्हटल्यावर पहिला प्रायमर बाहेर पडायला वर्षे जातात. आणि तोवर मागणी ओसरली तर? हा या धंद्याचा जुना घाव आहे, त्यावर खाली येतो.

२०२० च्या उन्हाळ्यात या चौघांपैकी रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली. नेमका तोच काळ कोविडचा. अमेरिकेत बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी एफबीआयकडून तपासतात. त्या तपासण्या २०१९ मध्ये २ कोटी ८४ लाख होत्या, २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाख झाल्या. प्रत्येक तपासणी म्हणजे एक बंदूक असे नसते, पण वारे कुठून वाहत होते ते कळते. नवी बंदूक घेतलेला माणूस घरी जाताना दोन खोकी काडतुसेही घेणारच. म्हणजे मागणी आभाळाला भिडलेली आणि चारातली एक चूल विझलेली. रेमिंग्टनचा काडतूस विभाग व्हिस्टा आउटडोअर या अमेरिकी कंपनीने लिलावात घेतला आणि आर्कान्सामधला कारखाना पुन्हा चालू केला. सीसीआय आणि फेडरल व्हिस्टाकडे आधीच होत्या. २०२४ च्या नोव्हेंबरात हा सगळा काडतूस व्यवसाय चेक प्रजासत्ताकाच्या चेकोस्लोव्हाक ग्रुपने २२२ कोटी डॉलरच्या वर किंमत देऊन घेतला. दुकानाच्या फळीवर डब्यांचे चार रंग दिसतात. मालक मात्र दोनच.

त्यात आणखी एक दार बंद झाले. रशियाची स्वस्त काडतुसे आणि प्रायमर अमेरिकेत बरेच खपत. रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगानंतर अमेरिकेने निर्बंध लावले आणि सप्टेंबर २०२१ पासून रशियन दारूगोळ्याला आयातीचे नवे परवाने थांबले. स्वस्त तयार माल गेला की ते गिऱ्हाईक देशी मालाकडे वळते, म्हणजे पंगतीत आणखी शंभर पाने मांडली जातात. इटली, बॉस्नियाकडचे प्रायमर दुकानात दिसायला लागले ते या काळात. आजोबा त्यांना ‘पाहुणे’ म्हणतात.

आता सुरमा. प्रायमरच्या मिश्रणात अँटिमनी सल्फाइड असते, आणि खनिज रूपातले अँटिमनी सल्फाइड म्हणजेच डोळ्यांत घालायचा पारंपरिक सुरमा. शिशाच्या गोळ्यांना कडकपणा यावा म्हणून अँटिमनी त्यातही मिसळतात. ही धातू खणण्यात आणि शुद्ध करण्यात चीनचा वाटा जगात सर्वांत मोठा. चीनने १५ सप्टेंबर २०२४ पासून तिच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि ३ डिसेंबरला अमेरिकेला होणारी निर्यात बंदच केली. २०२४ च्या सुरुवातीला टनाला बारा हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव वर्षअखेर तिपटीवर गेला. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये ही बंदी वर्षभरासाठी स्थगित झाली, पण एकदा चटका बसलेला व्यापारी परत त्याच तव्याला हात लावत नाही. आयडाहोमध्ये स्टिबनाइट नावाचीच एक जुनी खाण आहे, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला अँटिमनी पुरवलेली. ती पुन्हा उघडायला जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय वनखात्याने मंजुरी दिली. खाण उघडते म्हणजे उद्या माल मिळतो, असे नसते.

सरकीवरची लव आणि तोफेचा गोळा

प्रायमर हा गेल्या पाच वर्षांचा रोग म्हटला, तर दारू हा आताचा. आणि इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण हा भाग माझ्या गावाकडचा आहे.

हल्लीची बंदुकीची दारू गंधक-कोळशाची नसते. ती असते नायट्रोसेल्युलोज, म्हणजे सरळ सांगायचे तर तेजाबात भिजवलेला कापूस. १८४६ साली बासेलमध्ये शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने तिचा शोध लावला. सांडलेले आम्ल त्याने बायकोच्या सुती एप्रनने पुसले, एप्रन शेगडीजवळ वाळत घातला आणि तो भस्सकन जळून नाहीसा झाला, अशी गोष्ट सांगतात. धूर नाही, राख नाही. पुढे १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी या वेड्या कापसाला काबूत आणून त्याची वापरण्याजोगी बिनधुराची दारू केली.

या पदार्थाला आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेले आहे. नेलपॉलिश, छपाईची शाई, फर्निचरचे लॅकर यांत तो असतो. टेबल टेनिसचा चेंडू २०१४ पर्यंत त्याच कुळातल्या सेल्युलॉइडचा होता. जुन्या सिनेमाची रिळेही नायट्रेटची. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना जानेवारी २००३ मध्ये आग लागली, तेव्हा मूकपटांच्या जमान्यातला ठेवा क्षणात गेला, त्याचे कारण हेच. बंदुकीच्या दारूवर आपण सिनेमा छापत होतो.

कापूस कोणता लागतो, तर लांब धाग्याचा नव्हे. जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ती. तिला लिंटर म्हणतात. सरकी हातात घेतली की ती मऊ, धुरकट पांढरी लव बोटाला जाणवते. आमच्या खानदेशात जिनिंगच्या आवारात लहान मुले सरकीच्या ढिगावर लोळतात आणि घरी अंगभर ती घेऊन येतात. कपड्याच्या दृष्टीने हा कचरा. पण जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असल्याने तेजाबवाल्यांना हाच हवा. लाकडाच्या लगद्यापासूनही काम होते, मात्र चालू यंत्रणा एकदा लिंटरवर बसवलेली असली की ती बदलणे सोपे नाही. युरोपातले दारूचे कारखाने या लिंटरसाठी चीनवर फार अवलंबून आहेत. जर्मनीच्या ऱ्हाइनमेटल या शस्त्रे बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांनी हा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. एवढी मोठी शस्त्रास्त्रांची तयारी, आणि ती अडली कुठे, तर सरकीच्या लवेशी.

आता वऱ्हाड पाहा. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला तेव्हा अमेरिका १५५ मिलिमीटर तोफेचे महिन्याला चौदा हजारांच्या आसपास गोळे बनवत होती. मग लक्ष्य ठेवले महिन्याला एक लाखाचे. असा एक गोळा लांबच्या पल्ल्यावर फेकायला दहा किलोंच्या वर दारू लागते. आजोबांच्या पिस्तुलाच्या मापाने दहा किलोंत तीस हजार काडतुसे होतात! म्हणजे ते एका जन्मात जेवढी उडवतील, तेवढी दारू एका तोफेच्या एका धमाक्यात. तोफेची दारू आणि पिस्तुलाची दारू एक नव्हे. पण दोघींची आई एकच, नायट्रोसेल्युलोज, आणि ते बनवणारे कारखाने जगात मोजके. व्हर्जिनियातला रॅडफर्डचा १९४१ चा कारखाना हा अमेरिकेत लष्करी दर्जाच्या नायट्रोसेल्युलोजचा एकमेव देशी स्रोत आहे. तिथला नवा विभाग वर्षानुवर्षे रखडला.

जानेवारी २०२४ मध्ये अलायंट या नामवंत कंपनीने सुट्या दारूच्या डब्यांचा पुरवठाच थांबवला. कारण दिले, नायट्रोसेल्युलोजचा जागतिक तुटवडा. व्हिस्टानेही त्याच सुमारास दारूटंचाईचे नाव घेऊन भाव वाढवले. वऱ्हाडाचे ताट वाढले, आजोबांचा डबा रिकामा परत आला. त्यांची आवडती रायफलची दारू हॉजडनच्या नावाने विकली जाते, पण बनते ऑस्ट्रेलियातल्या मलवालाच्या कारखान्यात. तिची डबी २०१९ मध्ये अठ्ठावीस डॉलरला मिळे, आता पन्नासला मिळाली तर नशीब.

‘मग कारखाने वाढवा की,’ असे आपण सहज म्हणतो. युरोपीय संघाने दारूगोळ्याची क्षमता वाढवायला पन्नास कोटी युरो दिले, त्यातला मोठा हिस्सा दारू आणि स्फोटकांनाच गेला. फ्रान्सने बर्जराकला दारूचे उत्पादन परत सुरू केले. पण या इमारती एकमेकींपासून लांब बांधाव्या लागतात, मध्ये मातीचे बांध घालावे लागतात, माणसे वर्षानुवर्षे शिकवावी लागतात. घाईचे हे काम नाही. आपल्या भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला हीच दारू बनवणारी ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. २४ जानेवारी २०२५ ला तिथे झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. ती बातमी वाचल्यापासून पौंडाची डबी हातात घेताना मला तिच्या किमतीचा विचार जरा वेगळा येतो.

तांबे, शिसे आणि वाहतुकीचा दंड

गोळीचे प्रकरण त्या मानाने सरळ. आत शिसे, वर तांब्याचा पातळ पत्रा, त्यात पंच्याण्णव टक्के तांबे. तांब्याचा भाव वीजवाहिन्या, विजेच्या गाड्या आणि डेटा सेंटर ठरवतात. बंदुकीवाल्यांना तिथे कोणी विचारत नाही. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तांब्यावर पन्नास टक्के आयातशुल्काची घोषणा केली तेव्हा न्यूयॉर्कचा भाव एका दिवसात तेरा टक्के चढला, आणि महिनाअखेर शुद्ध तांब्याला सूट मिळाल्याचे कळताच वीस टक्क्यांहून जास्त कोसळला. गोळ्यांचा भाव चढताना चढला. उतरताना मात्र त्याचे गुडघे दुखतात. शिशाबद्दल २०१३ मध्ये मोठी आवई उठली होती: मिसुरीतला खनिजापासून शिसे काढणारा शेवटचा कारखाना बंद झाला, आता गोळ्या संपल्या! काही संपले नाही. गोळ्यांचे बहुतेक शिसे जुन्या बॅटऱ्या वितळवून येते.

एक खर्च नवख्याला चकवतो. दारू आणि प्रायमर हा धोकादायक माल, त्यामुळे घरपोच मागवला की वाहतुकीवर वेगळा आकार पडतो, खेपेमागे वीस-तीस डॉलर किंवा जास्तही. एक डबी मागवा नाहीतर आठ, आकार तेवढाच. म्हणून लोक एकदम मागवतात, मित्र-मित्र मिळून मागवतात. आणि तिथूनच दुसरी कथा सुरू होते.

साठा

आमच्याकडे साखर, तूर, कांदा यांचे जे होते, तेच. ओबामा जिंकले ती २००८ ची निवडणूक, २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूकच्या शाळेतले हत्याकांड आणि त्यानंतरची कायद्याची चर्चा, मग २०२०. प्रत्येक वेळी ‘आता मिळणार नाही’ अशी कुजबुज, आणि त्या कुजबुजीनेच फळ्या रिकाम्या. २०२१ मध्ये हजार प्रायमरला दोनशे डॉलर मोजणारे लोक होते. गंमत म्हणजे त्यातल्या अनेकांच्या तळघरात आधीचे पाच हजार पडलेलेच होते.

या साठ्यालाही मर्यादा आहे. अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय संहितेप्रमाणे घरात वीस पौंड दारू आणि दहा हजार प्रायमर, जाड फळ्यांची लाकडी पेटी केलीत तर दारू पन्नास पौंडांपर्यंत. सगळे पाळतात असे मी म्हणत नाही.

भीती ओसरली की उलटे होते. २०१६ ची निवडणूक रिपब्लिकनांनी जिंकली, बंदुकीवर बंधने येण्याची धास्ती गेली आणि विक्री घसरली. रेमिंग्टन पहिल्यांदा दिवाळखोरीत गेली ती त्या मंदीत, २०१८ मध्ये. वर म्हटलेला जुना घाव तो हा. म्हणून मागणी कितीही ओरडली तरी कंपन्या नवी यंत्रे सहजासहजी टाकत नाहीत. उद्याची मंदी त्यांना दिसत असते. आजोबांना हे ‘कट’ वाटते. मला ते आमच्या खरेदी खात्यातले रोजचे शहाणपण वाटते, आणि यावर आमचे एकमत होत नाही.

कागदावर मांडले तेव्हा

शेवटी मी एक कागद केला. भाव त्यांच्याच जुन्या-नव्या पावत्यांवरचे.

नऊ मिलिमीटरचे एक काडतूस, २०१९: प्रायमर तीन सेंट, दारू पावणेदोन सेंट, गोळी आठ सेंट, पुंगळी फुकट. पावणेतेरा. दुकानात तयार तेव्हा अठराला होते. पाच सेंट सुटत.

तेच आज: प्रायमर आठ, दारू सव्वातीन, गोळी साडेदहा. पावणेबावीस. आणि दुकानातले तयार काडतूस तेवीसच्या आसपास. म्हणजे शंभर काडतुसांमागे सव्वा डॉलर. तयार माल एवढा कसा महागला नाही? कारण तो पंगतीत पुढे बसतो. कारखान्याला प्रायमर घरच्या भावात पडतो, आजोबांना दुकानाच्या.

लांब पल्ल्याच्या रायफलीचे चित्र वेगळे. तिथे २०१९ मध्ये एक काडतूस घरी पासष्ट सेंटच्या आत बसे. आता दारू एकतीस, प्रायमर आठ, चांगली गोळी पन्नास, पुंगळीची झीज दहा धरली तर डॉलरला एक सेंट कमी. वाढ मोठी आहे. पण त्या दर्जाचे तयार काडतूस दुकानात दोन डॉलरच्या आगेमागे, त्यामुळे निम्मे पैसे अजूनही वाचतात. जुन्या, दुर्मीळ मापाच्या बंदुकांना तर घरी भरण्यावाचून इलाजच नाही, कारण त्यांची तयार काडतुसे कारखाने कधीमधीच बनवतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने यंत्रांवर चार-पाचशे डॉलर घालून फक्त पिस्तुलासाठी हा संसार मांडला, तर सव्वा डॉलर शेकड्याने ते पैसे निघायला तीस-चाळीस हजार काडतुसे उडवावी लागतील.

कागद घेऊन मी गॅरेजात गेलो. आजोबांनी चष्मा वर सरकवून तो नीट वाचला. पिस्तुलाच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, ‘माझी मजुरी किती धरलीस?’

‘शून्य.’

‘मग बरोबर आहे,’ ते म्हणाले, आणि बादलीचे बटण दाबले.